हिरवे पॉइंट, जांभळे पॉइंट आणि सासूबाई

विमानात फुकट बसण्यासाठी आमच्या घराने जेवढे पैसे घातले, तेवढ्यात आम्ही सगळे दोनदा विमानाने जाऊन आलो असतो. हे गणित मला आज येतं. तेव्हा येत नव्हतं, आणि ज्यांना येत होतं त्यांचं मी ऐकत नव्हते.

आधी माझ्याबद्दल सांगते, म्हणजे पुढचं सगळं माझ्याच डोक्यातून कसं निघालं ते कळेल. माझं माहेर इगतपुरीचं, वडील रेल्वेत. लग्न होईपर्यंत तिकीट ही पैसे देऊन घ्यायची वस्तू असते हे मी फक्त ऐकून होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत वडिलांचा पास निघायचा आणि आम्ही भावंडं खिडकीवरून भांडत पार हरिद्वारपर्यंत जाऊन यायचो. त्यामुळे पैसे भरून केलेल्या प्रवासात मला अजूनही खिडकीबाहेरचं काही दिसत नाही, सारखे पैसेच दिसतात. हा दोष आहे हे मला मान्य आहे, पण तो आता जाणार नाही.

लग्न होऊन मी नाशिकला आले. आमचे हे ठिबक सिंचनाच्या कंपनीत मॅनेजर. द्राक्षवाल्यांना पाइप विकता विकता कंपनी मोठी झाली आणि यांना ओझरच्या विमानतळावरून कधी दिल्ली, कधी हैदराबाद असं सारखं उडावं लागायला लागलं. यांचे धाकटे भाऊ, सुभाषभाऊजी, नामपूरला कांद्याचे व्यापारी. तिथे त्यांचं खळं आहे. खळ्यावर कांदा निवडून गोण्या भरल्या जातात, त्या देशभर जातात, आणि त्यांच्या मागोमाग तिकडच्या व्यापाऱ्यांना भेटायला भाऊजी जातात. (कांदा ट्रकने, मालक विमानाने.) सासूबाई नामपूरला भाऊजींकडेच असतात.

दोघा भावांच्या विमान कंपन्या मात्र वेगळ्या. नावं घेत नाही, कारण झालं त्यात त्यांचा काही दोष नव्हता. आमच्या घरात त्यांना सीटच्या रंगावरून हिरवी आणि जांभळी म्हणतात. हे हिरवीचे, भाऊजी जांभळीचे. जितकं उडाल तितके पॉइंट, पॉइंट साठले की फुकट तिकीट, आणि फारच उडालात तर तुम्ही चांदीचे नाहीतर सोन्याचे मेंबर. हिरवीने यांना चांदीचं केलं त्या आठवड्यात बॅगेला अडकवायचा एक चंदेरी बिल्ला घरी आला. यांनी तो डब्याच्या पिशवीला अडकवला, कारण बॅग कधीमधी बाहेर पडते आणि डबा रोज! तिकडे भाऊजी आपलं जांभळं कार्ड शर्टाच्या वरच्या खिशात, अर्धं बाहेर दिसेल असं ठेवायचे. कांद्याच्या लिलावात त्या कार्डाकडे बघून कोणी भाव वाढवून दिल्याचं ऐकिवात नाही.

दिवाळीला आम्ही सगळे नामपूरला जमलो की फराळाच्या ताटाभोवती हा एकच विषय.

"दादा, तुमची हिरवी देते काय? आमच्यात बॅग सगळ्यांच्या आधी पट्ट्यावर येते," भाऊजी म्हणायचे.

"बॅग आधी येऊन करायचं काय? तू शेवटी उतरतोस."

"आमचे पॉइंट कधी मरत नाहीत."

"मरत नाहीत, पण वापरताही येत नाहीत. सणासुदीला तुमचं फुकट तिकीट बंद असतं."

"आणि तुमचं चालू असतं, पण पहाटेचं असतं. कोंबडीबी उठत नाय त्या टायमाला."

माझी जाऊ सविता एकदा एवढंच म्हणाली, "दोघांपैकी कोणी आजवर फुकट गेलंय का?" त्यावर दोघे भाऊ एकदम चिवड्याकडे वळले. कोणीच गेलं नव्हतं. अर्धे पॉइंट इकडे आणि अर्धे तिकडे, तिकिटाएवढे कुठेच नाहीत. बरं, ते साठवण्यासाठी काय काय केलं म्हणता? हे एकदा हैदराबादला दिल्लीमार्गे गेले. सरळ विमान होतं, पण लांबून गेलं की जास्त पॉइंट. हैदराबादची मीटिंग दुपारची, हे पोचले संध्याकाळी, आणि साहेबांना सांगितलं की हवामान खराब होतं. भाऊजींनी तर साध्या सुरतेला, जिथे आमच्याकडून गाडीने माणूस जेवायला जाऊन येईल, तिथे मुंबई गाठून विमानाने जाऊन दाखवलं.

आता यात सासूबाई कुठून आल्या ते सांगते. माझी नणंद मायाताई बंगळूरला असते. इतकी वर्षं भाड्याच्या घरात काढून तिने आणि जावईबापूंनी तिथे स्वतःचा फ्लॅट घेतला. ताबा पुढच्या वर्षी मिळणार होता. तिने फोनवर सगळ्यांना बजावलं, "आई आल्याशिवाय वास्तुशांत करणार नाही." मनमाडहून बंगळूरची गाडी आहे, पण पूर्ण दिवस-रात्रीचा प्रवास, आणि सासूबाईंचे गुडघे बाजेवरून उठतानाच कुरकुरतात. विमानच हवं. आणि सासूबाई विमानाला तयार नव्हत्या. भीतीने नाही, हिशोबाने.

"दोन घटका बसायचं आणि एवढे पैसे?" त्या म्हणाल्या. "तेवढ्यात ट्रॅक्टर भरून कांदा मार्केटला जाऊन येतो. फुकट असंल तर येते. नायतर नाय. मायाला म्हणा, फोटो पाठव."

पण हे बोलताना त्या पदराने चष्मा पुसत होत्या, आणि चष्मा काही तेवढा मळलेला नव्हता. लेकीचं घर त्यांना बघायचं होतं. ते मला दिसलं आणि मी तिथेच ठरवलं, आईंना बंगळूरला न्यायचं आणि फुकट न्यायचं.

हे म्हणाले, "विकत काढू आणि त्यांना फुकट म्हणून सांगू." सोपा उपाय होता. पण सुभाषभाऊजींच्या पोटात काही राहत नाही, ते गाडीतच भाव सांगून मोकळे झाले असते. आणि खरं सांगायचं तर मलाच ते पटलं नाही. फुकट म्हणजे खरोखर फुकट, त्यात भेसळ कसली?

मी दोन्ही कंपन्यांचे नियम वाचायला घेतले. आमच्या हाउसिंग सोसायटीचा जमाखर्च मी ठेवते, त्यामुळे बारीक अक्षराची मला भीती नाही. वाचता वाचता सापडलं, की दोन्हीकडे कुटुंबाचं एक सामाईक खातं काढता येतं. घरातल्या सगळ्यांचे पॉइंट एकाच ठिकाणी जमा. म्हणजे हे, भाऊजी, सविता, मी, जो जेव्हा उडेल त्याचे पॉइंट त्या हंड्यात. आता हिरवी की जांभळी, एक काय ते निवडायचं होतं. नामपूरला जाऊन मी दोघा भावांना समोर बसवलं. दुपार गेली, चहा झाला, दुसरा चहा झाला. शेवटी मी निवाडा दिला, की दोन्हीकडे खातं काढू. जाताना आईंना हिरवी नेईल, येताना जांभळी आणेल. दोघेही एकदम खूश झाले. निवडायला बसून काहीही न निवडता उठलो, हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही.

मग अडलं ते कुटुंबप्रमुखावर. खात्याला एक कुटुंबप्रमुख लागतो.

"मोठा मी आहे," हे म्हणाले.

"मोठे तुम्ही, पण घर नामपूरला आहे," भाऊजी म्हणाले.

तिसरा चहा ठेवायची वेळ आली तेव्हा मी म्हणाले, "रेशनकार्डावर कोणाचं नाव आहे? आईंचं. आईंनाच मान द्या." दोघांनी माना डोलावल्या. सासूबाईंना तर मनापासून आवडलं. विमानाच्या दोन-दोन कंपन्यांत आपलं नाव पहिलं, हे त्यांनी संध्याकाळीच शेजारणीला जाऊन सांगितलं. नाशिकला येऊन मी अर्ज भरला, त्यात कुटुंबप्रमुखाचा मोबाइल नंबर विचारला होता. मी इमानदारीने सासूबाईंच्या साध्या बटणांच्या फोनचा नंबर टाकला, जो त्या एका कापडी पिशवीत घालून गळ्यात अडकवतात. कोणी मला त्या वेळी उठवून पंचवटीला देवदर्शनाला नेलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं.

वर्षभर आम्ही तो हंडा भरला. पेट्रोल भरायचं ते पॉइंट मिळतील अशाच पंपावर, मग तो शहराच्या दुसऱ्या टोकाला असेना. किराणा पॉइंट देणाऱ्या क्रेडिट कार्डावर, लग्नाच्या आहेराची भांडीसुद्धा. मला नको असलेल्या दोन बॅगा घेतल्या, कारण त्यावर दुप्पट पॉइंट होते. पुढची दिवाळी आली तेव्हा हिरवीत एका तिकिटाएवढे झाले आणि जांभळीतही. मायाताईने मार्गशीर्षातला मुहूर्त कळवला. मी लॅपटॉप उघडला, सासूबाईंचं नाव टाकलं, तारीख टाकली आणि शेवटचं बटण दाबलं. पडद्यावर आलं, 'कुटुंबप्रमुखाच्या मोबाइलवर पाठवलेला ओटीपी टाका.'

मी सविताच्या फोनवर फोन लावला. "आईंना दे."

"आई, आत्ता तुमच्या फोनवर एक मेसेज आला असेल बघा."

"आला शे."

"त्यात सहा आकडे असतील."

"असतील."

"ते मला वाचून दाखवा."

"नाय."

इथे थोडं मागे जावं लागेल. काही वर्षांपूर्वी नामपुरात सासूबाईंच्या एका मैत्रिणीला फोनवरून कोणी बँकेचा साहेब बनून फसवायला निघालं होतं. ती थोडक्यात वाचली. तेव्हापासून मी सासूबाईंची शिकवणी घेतली. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही. बँकेला नाही, पोलिसाला नाही, मुलाला नाही. मी विचारला तरी नाही! एवढ्यावर मी थांबले नाही. शिकवणी पचली की नाही हे बघायला मी अधूनमधून आवाज बदलून, हिंदीत, त्यांना फोन करायची. "माताजी, आपका खाता बंद हो जायेगा." त्या दर वेळी फोन आपटायच्या. मग मी खऱ्या आवाजात फोन करून शाबासकी द्यायची. दिवाळीत एक लुगडंही दिलं होतं त्याबद्दल. घरात माझ्या या हुशारीचं फार कौतुक झालं होतं.

"परीक्षा घेते का गं परत?" सासूबाई फोनवर हसत होत्या. "या वेळी नवीन काढलं शे. आवाजबी बदलला नाय. पण मी नाय फसायची."

"आई, ही परीक्षा नाही. खरंच तुमचं तिकीट काढतेय."

"असंच म्हणतात ते. तूच सांगितलं होतं."

तोवर ओटीपीची मुदत संपली. दुसरा मागवला. यांनी फोन हातात घेतला.

"आई, मी बोलतोय. तुझा मुलगा."

"आवाज तर तसाच शे," सासूबाई म्हणाल्या. "हल्ली आवाजाचीबी नक्कल करतात. टीव्हीत सांगितलं."

"आई, हा फोन सविताचा आहे. सविता तुझ्या शेजारी उभी आहे."

"तिला तुम्ही आधीच पटवलं असंल."

त्याच रविवारी आम्ही सटाण्यावरून नामपूर गाठलं. समोरासमोर बसलं की प्रश्न मिटेल असं मला वाटलं. सासूबाईंनी भाकरी-पिठल्याचं जेवण केलं होतं, मिरचीचा ठेचा होता, सगळं प्रेमाने वाढलं. जेवण झाल्यावर मी लॅपटॉप त्यांच्या पुढ्यात ठेवला. "हे बघा तुमचं नाव. हे बघा विमान. आता फोन वाजेल." फोन वाजला. त्यांनी पिशवीतून काढला, डोळ्याजवळ नेला, मेसेज सावकाश वाचला, आणि फोन परत पिशवीत ठेवून पिशवी पदराखाली घेतली.

"या वेळी लय अवघड पेपर काढला," त्या म्हणाल्या. "समोर बसून. पण मी पास."

"आई, तुला माझी शपथ," भाऊजी म्हणाले.

"शपथ घालून मागणारे तर पक्के चोर असतात. तुझ्या वहिनीनेच सांगितलं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी ते वाक्य खरंच म्हणाले होते. चांगलं दोनदा म्हणाले होते. सासूबाईंच्या दुपारच्या झोपेत भाऊजींनी पिशवीकडे हात नेऊन पाहिला, पण ओटीपी आला की फोन वाजतो, आणि फोन वाजला की सासूबाई जाग्या होतात. बाजेवर ओणवा झालेला आपला मुलगा बघून त्या म्हणाल्या, "तू बी?" एवढ्या दुःखाने म्हणाल्या की भाऊजी तडक खळ्यावर निघून गेले. इकडे मी हिरवीत प्रयत्न केले तितके जांभळीतही केले, आणि संध्याकाळपर्यंत दोन्ही कंपन्यांनी मला बाहेर काढलं. पडद्यावर आलं, 'आपल्या कुटुंबाच्या सुरक्षेसाठी हे खातं काही काळ बंद ठेवत आहोत.' आमच्या कुटुंबाची सुरक्षा, माझ्यापासून!

 नाशिकला परतताना गाडीत हे म्हणाले, "तुझी शिकवणी चांगली होती." मला ते टोमण्यासारखं लागलं, आणि ते टोमणा म्हणूनच म्हणाले होते.

चार-सहा दिवस गेले. मी कुकर लावत होते, एवढ्यात हे फोन घेऊन स्वयंपाकघरात आले. चेहरा पांढरा पडलेला. "हिरवीचा मेल आलाय. 'पॉइंट वापरल्याबद्दल आभार.' सगळे गेले." तेवढ्यात भाऊजींचा फोन, जांभळीतलेही सगळे गेले!  म्हणजे घरच्यांना नाही सांगितला आणि कुठल्यातरी भामट्याला आईंनी ओटीपी सांगितला. वर्षभराचे पॉइंट, तो लांबचा पेट्रोल पंप, दिल्लीमार्गे हैदराबाद, सगळं पाण्यात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आता आई बंगळूरला जाणार नाहीत. त्या रडत असतील असं वाटून मी गॅस बंद केला आणि आम्ही होतो त्या कपड्यांवर नामपूरला निघालो.

सासूबाई ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. मजेत होत्या.

"आई, तुम्हाला कोणाचा फोन आला होता का?" मी धापा टाकत विचारलं.

"आला होता ना. विमानवाल्या पोरीचा. लय गुणाची पोरगी. म्हणाली, आजी, तुमच्या खात्यात कोणीतरी सारखं घुसायला बघतंय. मी म्हणलं, माहीत शे, माझी मोठी सून शे ती."

मी खाली बसले. हे भिंतीला टेकले.

"मग तुम्ही तिला ओटीपी सांगितला?"

"सांगते का? ती पोरगीच म्हणाली, आजी, मलाबी सांगू नका. मी सांगीन तेव्हा तुमच्या फोनवर तुम्हीच बटणं दाबा." सासूबाईंनी लसणाची सुपली बाजूला सारली. "मलाबी सांगू नका! या घरात एक माणूस असं बोललं नाय. मग मी दाबली. का नाय दाबायची? घरच्यांपेक्षा परकी बरी."

"पण दाबून केलंस काय?" आमच्या मागोमाग खळ्यावरून आलेल्या भाऊजींनी विचारलं.

"तिने विचारलं, आजी, या पॉइंटचं तिकीट पाहिजे का वस्तू पाहिजे? मी म्हणलं, वस्तूत काय काय शे? तिने लय वाचून दाखवलं. मग मी मायासाठी मोठा कुकर घेतला, मिक्सर घेतला, इडलीचं पात्र घेतलं. मग दुसरीकडूनबी एका पोराचा फोन आला. म्हणलं, एका लेकाच्या खात्यातून घेतलं आणि दुसऱ्याचं तसंच ठेवलं तर तो रुसंल. म्हणून त्याच्यातून ताटं-वाट्या घेतल्या. बारा जणांच्या."

हिरवी आणि जांभळी यांच्यात इतका समान न्याय आजवर कोणी केला नसेल. दोघे भाऊ एकमेकांकडे बघत होते आणि आपल्या आयुष्यातली सगळी विमानं एका इडलीपात्रात कशी मावली याचा विचार करत होते.

मला मात्र रडू यायला लागलं. "आई, ते तिकिटासाठी होते. आता तुम्ही कशा जाणार?"

"विमानाने. तिकीट काढा," सासूबाई म्हणाल्या.

"पण तुम्ही म्हणाला होतात, फुकट असेल तरच."

"मग फुकटच पडलं की! लेकीच्या नव्या घरात रिकाम्या हाताने जाणार होते का मी? भांड्यांचे पैसे मी कधीचे बाजूला ठेवले होते. ते आता वाचले. ते घाला तिकिटाला." मग मला समजावून सांगायला आवाज जरा खाली आणून त्या म्हणाल्या, "तिकिटाचं काय असतं, बसलं की संपलं. भांडं घरात राहतं. पॉइंट असल्या गोष्टीत घालावेत."

या हिशोबात चूक कुठे आहे ते सोसायटीचा जमाखर्च ठेवणाऱ्या मला अजून सापडलेली नाही. अर्थात आईचे पैसे मुलं कशाला घेतील? दोघांनी तिकिटाचे अर्धे अर्धे भरले. कुठल्या कंपनीचं काढायचं हे त्या दिवशी कोणी विचारलंसुद्धा नाही. परतीचं मात्र काढू दिलं नाही. "लेकीकडे जाते शे. कधी यायचं ते तिथे गेल्यावर बघू," सासूबाई म्हणाल्या.

भाऊजी कांद्याच्या हंगामामुळे अडकले, म्हणून सासूबाई, हे आणि मी निघालो. ओझरला खोकी काट्यावर चढवली तर वजन इतकं जास्त भरलं, की जादा वजनाचे पैसे ऐकून मी तिथेच कुकर काढून ठेवायला निघाले. सासूबाईंनी माझा हात धरला. "भांडी फुकट शे. त्यांना गाडीभाडं तर लागणारच." कुकर त्यांनी पिशवीत घालून हातात घेतला. तपासणीत शिपाईबाईंनी तो उघडायला लावला, आत काठोकाठ डिंकाचे लाडू. बाईंनी एक-एक लाडू हलवून बघितला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "खाऊनच बघ ना, पोरी." विमान उडालं तेव्हा त्यांनी डोळे मिटून माझं मनगट घट्ट धरलं. थोड्या वेळाने एक डोळा उघडला, खिडकीतून खाली पाहिलं, आणि उतरेपर्यंत खिडकीवरून मान हलवली नाही. मी पैसे विसरून त्यांच्याकडेच बघत होते.

मायाताई दारातच आईच्या गळ्यात पडली. नवा फ्लॅट सासूबाईंनी भिंतींना हात लावत लावत पाहिला. बाल्कनीत त्या बराच वेळ उभ्या होत्या, आणि या वेळी चष्मा खरोखर ओला झाला होता. 

दुसऱ्या दिवशी वास्तुशांत झाली. जेवणाच्या पंगतीत मायाताईच्या सासूबाई, पुण्याहून आलेल्या, माझ्या सासूबाईंच्या शेजारी बसल्या होत्या.

"आम्ही बाई अगदी फुकट आलो हं," त्या सांगत होत्या. "आमच्या संदीपचे ते विमानाचे पॉइंट असतात ना, त्यावर. एक पैसा नाही लागला."

सासूबाईंनी पदर नीट केला. "आम्हाला नाय बाई फुकटचं चालत," त्या म्हणाल्या. "माझ्या दोन्ही पोरांनी पैसे मोजून आणलं मला. विमानाने. रोख."

त्या विहीणबाईंचा चेहरा उतरला. मी तोंड उघडलं होतं, पण यांनी पानाखालून माझा पाय दाबला. हे स्वतः ताठ बसले होते आणि मी गेल्या कित्येक वर्षांत यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं.

जेवणं उरकल्यावर मी स्वयंपाकघरात मायाताईला सगळी कथा सांगितली. ती ओट्याला धरून हसत होती. हसून झाल्यावर म्हणाली, "वहिनी, अगं मला एक फोन करायचास. संदीपचे एवढे पॉइंट पडून आहेत की तुम्हा सगळ्यांना आणलं असतं. आई जावयाचं काही घेत नाही म्हणून मीच गप्प बसले."

मी थोडा वेळ नव्या मिक्सरकडे बघितलं. मग म्हणाले, "परतीची तिकिटं अजून काढायची आहेत, ताई."

तिने तिथल्या तिथे फोन काढला. मिनिटभरात तिच्याच नंबरवर ओटीपी आला आणि तिने तो मोठ्याने वाचतच टाकला. तिघांची तिकिटं झाली, फुकट. खरोखर फुकट! फक्त आता एक अडचण होती, की हे सासूबाईंना कळता कामा नये. ज्या बाईंना फुकटशिवाय विमान नको होतं, त्यांच्यापासून फुकट तिकीट लपवायचं होतं.

संध्याकाळी त्यांनी विचारलंच, "परतीचं काढलं का? कितीला पडलं?"

मी मनातल्या मनात एक आकडा धरला आणि सांगितला. त्यांचा चेहरा जरासा पडला.

"एवढंच?" त्या म्हणाल्या. "विहीणबाई समोरच बसल्या शे. जरा मोठ्याने आणि जास्त सांगायचं होतं."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ज्या तिकिटाला एक पैसा पडला नव्हता, त्याची खोटी किंमत सांगतानासुद्धा मी हात आखडता घेतला होता.